कोरे शब्द

शैला, तुझं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावाला गेले, आणि त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी सकाळी गाडी बाहेर काढली. काच पुसली. तुझ्या बाजूची खिडकी तुला लागते तेवढी खाली केली आणि हॉर्न वाजवला. नेहमीसारखा दोनदा. आता आतून ओरडशील, ‘आवं आले की, गल्ली उठवताय का सगळी!’ म्हणून इंजिन चालू ठेवून बसलो.

तू आली नाहीस. शेजारच्या शिंदेवहिनी आल्या. हात पदराला पुसत फाटकापाशी उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘‘भावजी, कुणाला बोलवताय?’’

तेव्हा कळलं.

गाडी आत घेतली. किल्ली खुंटीला लावली. शिंदेवहिनी चहा घेऊन आल्या, तो प्यालो. पण डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. हे दुःख, की तो दुसरा रोग? माणूस गेल्यावर त्याला हाक मारणं वेगळं, आणि माणूस गेलाय हेच डोक्यातनं निसटणं वेगळं. हा फरक तूच मला सांगितलेला. वरनं दोन्ही सारखं दिसतं, म्हणायचीस, म्हणून तर तासभर बसवून बघायला लागतं. आता बघ कशी गंमत झाली. यातलं माझं काय झालंय हे सांगणारं माझ्या भरवशाचं माणूस एकच होतं, आणि मी त्याच्याचसाठी हॉर्न वाजवत होतो.

तुझी रेश्मा आणि तुझ्या हाताखाली शिकलेली बाकीची पोरं तुझ्या आठवणींचं लहानसं पुस्तक काढतायत. तुझ्या डिग्र्या, कुठं कुठं काम केलंस, ते त्यांनी आधीच लिहून ठेवलंय. मला म्हणाली, ‘‘काका, तुम्हीपण लिहा.’’ मी म्हटलं, माझं शिक्षण आठवीत अडकलेलं, मी काय लिहू? ती म्हणाली, ‘‘मॅडमशी बोलता तसं लिहा.’’ म्हणून तुझ्याशीच बोलतोय. शुद्धलेखन रेश्मा बघणार आहे. वाक्याला हात लावायचा नाही असं मी तिला दटावलंय.

तू या धंद्यात कशी आलीस ते लोकांना माहीत नाही. लोकांना वाटतं पुस्तकं वाचून आलीस. तू आलीस माझ्या धाकट्या भावामुळं, संपतमुळं.

मी तेव्हा फौजेत गाडी चालवत होतो, वर डोंगरात. तू लोणंदच्या मास्तरची पोरगी. लग्नात बारावी पास होतीस, आणि मी लांब आहे तोवर साताऱ्यात राहून एमेपर्यंत शिकलीस. मेढ्याजवळच्या आमच्या गावातल्या बाया आईला म्हणायच्या, नवऱ्यापरीस बायकू उच झाली, आता हुतंय बघा. काही झालं नाही. मी सुट्टीवर आलो की तू माझ्यासमोर पुस्तक मिटवायचीस, आणि मी म्हणायचो, ‘‘मिटवू नगंस, मला भीती न्हाई वाटत पुस्तकाची.’’

मग संपत ट्रॉलीवरनं पडला. डोक्याला मार. दवाखान्यातनं बाहेर आला तो धडधाकट. हात चालतात, पाय चालतात, जीभ चालते. पण बसला की बसला. ताट समोर असलं तरी जेवायचा नाही. ‘जेव’ म्हटलं की जेवायचा. गाय हंबरत असायची, हा बघत बसायचा. आईनं दोरे बांधले, कुणी म्हणालं करणी, आणि मी सुट्टीवर येऊन म्हटलं की याला माज आलाय. तू तेवढी म्हणालीस, ‘‘मला मिरजेला नेऊ द्या ह्यास्नी.’’

तिथं एका मोठ्या डॉक्टरच्या दवाखान्यात एक बाई डोक्याला मार लागलेल्यांना चित्रं दाखवायची, कोडी घालायची, ठोकळे जुळवायला लावायची. तिनं संपतला सकाळभर बसवलं. घरी येऊन तू मला जे सांगितलंस ते मला आजपण तोंडपाठ आहे. म्हणालीस, ‘‘आवं, हा आळस न्हाई, इजा हाय. इंजिन चांगलं हाय, पेट्रोल हाय, चाकं हायेत. फकस्त स्टार्टर गेलाय.’’

मी ड्रायव्हर माणूस. लगेच कळलं. त्यानंतर आमच्या घरात संपतला कुणी आळशी म्हटलं नाही. सकाळी उठून त्याला धक्का मारायचा. संपत, ऊठ. संपत, धार काढ. एकदा चालू झाला की तो दिवसभर बैलासारखा राबतो. त्याचा संसार वाचला गं. एका शब्दानं वाचला. आणि तू त्या शब्दाच्या मागं लागलीस.

मी फौजेतनं घरी आलो आणि तू हेच शिकायला बेंगळुरूला निघालीस. दोन वर्षं. प्रवीण लहान होता. गाव म्हणालं, नवरा आला आणि बायको पळाली. मी पोराला आंघोळ घालायचो, डबा करायचो, भाकरी मात्र कधी गोल जमली नाही. प्रवीण फोनवर तुला सांगायचा, ‘‘आई, आज बाबांनी भारताचा नकाशा केलाय.’’ तू तिकडं रडायचीस की हसायचीस ते आवाजावरनं मला कधी कळलं नाही.

परत आलीस ती पेटीभर सामान घेऊन. चित्रांची पुस्तकं, ठोकळे, सेकंद मोजायचं घड्याळ. आणि पहिला बकरा मी. ‘‘सराव पाहिजे,’’ म्हणालीस. चुलीपुढं पाट टाकून मला बसवलंस. विचारलंस, ‘‘हातोडी आणि करवत, दोन्हीत सारखं काय?’’

मी म्हटलं, ‘‘दोन्ही शेजारी मागून नेतोय आणि परत देत न्हाई.’’

तू हसून हसून पाटावर आडवी झालीस. मग डोळे पुसून कागदावर लिहिलंस, शून्य. मी म्हटलं, ‘‘शून्य? का? खोटं हाय का उत्तर?’’ तू म्हणालीस, ‘‘खरं हाय. पर इथं ‘अवजार’ म्हणायला पायजे.’’ मी म्हटलं, एक तरी मार्क दे. तू म्हणालीस, ‘‘दया म्हणून मार्क दिला की समोरच्याचा रोग लपतोय. मग त्याला औषध कोण देणार? शून्य म्हंजे शून्य.’’ त्या एका मार्कावरनं आपण जन्मभर भांडलो. परवा-परवापर्यंत तू पोरांना शिकवताना माझं उत्तर सांगायचीस, पोरं हसायची, आणि शेवटी तू म्हणायचीस, ‘‘उत्तर झ्याक, मार्क शून्य.’’ मी अजून मान्य केलेलं नाही. लिहून ठेवतो.

मिरजेला नोकरी धरलीस तेव्हा तुला पहिल्यांदा अडचण आली ती शब्दांची. पेशंटला पाच शब्द सांगायचे, थोडा वेळ दुसरं काहीतरी करायला लावायचं, मग विचारायचं कोणते शब्द होते. पुस्तकातले शब्द शहरातले. आपल्या लोकांनी ते कधी तोंडात घेतलेले नाहीत. म्हणून तू आपल्या भागातले शब्द गोळा करायला लागलीस. पण त्यात आणखी एक खोड होती. शब्द माहितीचा पाहिजे, पण त्याला काही चिकटलेलं नको. मिरजेच्या माणसाला ‘तंबोरा’ म्हटलं की त्याला तंबोरे बनवणारी अख्खी गल्ली आठवते, तो शब्द विसरेल कसा? आटपाडीकडच्या धनगर म्हातारीला ‘मेंढी’ दिली तर परीक्षा कसली? शब्द कोरा पाहिजे, म्हणायचीस. कोऱ्या कापडासारखा. कुणी नेसलेला नको, कुणाचा घाम लागलेला नको.

तो घरातला शब्दच झाला आपल्या. चहा पिताना तू माझ्याकडं एकेक शब्द टाकायचीस, कोरा आहे का बघायला.

‘‘कंदील.’’

‘‘माझ्या चुलत्यानं कंदील घिऊन बिबट्या बघितला आणि कंदील टाकून पळाला.’’

‘‘गेला. बरं, पाटा.’’

‘‘तुझ्या आईच्या पाट्याखाली विंचू निघाला न्हवता का, आपल्या लग्नाच्या हळदीत?’’

‘‘तोबी गेला. दोरखंड?’’

‘‘फौजेत एकदा...’’

‘‘बास! तुमच्याकडं एकबी शब्द कोरा न्हाई,’’ तू कपाळाला हात लावायचीस. ‘‘ज्याला त्याला गोष्ट चिकटवून ठेवलीया. तुमच्या डोक्यात पाय ठेवायला जागा न्हाई.’’

तरी माझ्यावरनं, संपतच्या बायकोवरनं, शिंदेवहिनींवरनं गाळून गाळून तू शब्द काढलेस, मग कितीतरी लोकांवर तपासलेस, आणि तेच तू पुढं कायम वापरलेस. म्हणजे मला ते सगळे पाठ झाले. चित्रं पाठ, कोडी पाठ, ठोकळ्यांची नक्षी पाठ. मी गमतीनं म्हणायचो, आता मला येड लागलं तरी तुला कळायचं न्हाई.

मग सांगलीत स्वतःचं थाटलंस. औषधाच्या दुकानामागच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत तू, बाहेर बाकावर मी. बोर्ड रंगवणारा आला, म्हणाला, ‘‘पुढं डॉक्टर लावू ना?’’ तू म्हणालीस, ‘‘नको, मी डॉक्टर नाही. गोळ्या देत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘लाव रं, कोण बघतंय.’’ तू म्हणालीस, ‘‘मी बघतीया.’’ झालं. नुसतं नाव, आणि खाली ते न्यूरोसायकॉलॉजिस्ट, जे मला अजून एका दमात म्हणता येत नाही. लोकांनी आपलं सोपं करून घेतलं, मेंदूच्या मॅडम. तासगावकडचा एकजण तासभर आत बसून बाहेर आला आणि वैतागून दारातनंच म्हणाला, ‘‘एवढ्या लांबनं आलोय, सलाईन तरी लावा की मॅडम!’’ तू आतनंच म्हणालीस, ‘‘माझ्याकडं सलाईन नाही हो, सवाल आहेत.’’

मी बाकावर बसून काय करायचो ते तुला कधी सांगितलं नाही. आतनं तुझा आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत, दार जाड होतं. नुसता चढ-उतार. तू विचारायचीस, थांबायचीस. पेशंटचं उत्तर येईपर्यंत तू जेवढं थांबायचीस तेवढं मी कुणाला थांबताना बघितलं नाही. फौजेत नाही, देवळात नाही. त्या थांबण्यात मला बाकावर डुलकी लागायची. लोकांना वाटायचं म्हातारा कंटाळलाय. मी कंटाळलो नव्हतो गं. मला तिथं बरं वाटायचं.

त्या बँकेतल्या साहेबाचं मात्र लिहायला पाहिजे. रिटायर झालेला, इस्त्रीचा शर्ट, आल्या आल्या सगळ्यांशी हात मिळवले. बाकावर मला एक विनोद सांगितला, मी पोट धरून हसलो. बरोबर त्याची बायको, चिमणीएवढी झालेली. पोरं म्हणत होती, बाबांना काही झालं नाही, आईलाच संशय. दोन तासांनी साहेब बाहेर आले आणि मला तोच विनोद परत सांगितला. मी परत हसलो.

रात्री जेवताना तू विचारलंस, ‘‘दुसऱ्यांदा का हसलात?’’

‘‘चांगला व्हता म्हणून.’’

तू म्हणालीस, ‘‘आत त्यांनी एका प्रश्नाचं उत्तर दिलं न्हाई. दर प्रश्नाला एक विनोद. लय बोलणारी माणसं हुशार असत्यात. विसर पडाय लागला की ती बोलण्याचं पांघरूण घेत्यात. बघणाऱ्याला नुसतं पांघरूण दिसतंय.’’ साहेबांच्या बायकोला तू खरं काय ते सांगितलंस, तर ती बाई तुझा हात धरून रडली. नवरा आजारी आहे म्हणून नाही. आपण वेड्या नव्हतो म्हणून.

हे सांगून झालं आणि तू चमचा हातात धरून माझ्याकडं बघत राहिलीस. मी लगेच काहीतरी बोलायला लागलो. काय ते आठवत नाही.

तेव्हापासनं तुझी नजर माझ्यावर होती, मला माहीत आहे. शनिवारी आपण साताऱ्याला जायचो, तिथल्या भाड्याच्या खोलीत तू पेशंट बघायचीस, संध्याकाळी परत. जन्माचा रस्ता तो. आणि एका शनिवारी परत येताना मी पेठ नाक्याला सांगलीकडं वळायचं सोडून सरळ कोल्हापूरच्या दिशेनं निघालो. बघत बसलीस मला कधी कळतंय ते. माझ्यासाठीपण पेशंटसारखीच थांबलीस. बऱ्याच लांबवर गेल्यावर मी म्हटलं, ‘‘आयला, हे कुठं आलो?’’

दुसऱ्या दिवशी तू भाजी निवडता निवडता म्हणालीस, ‘‘एकदा रेश्माकडं जाऊन या.’’

‘‘कशापायी?’’

‘‘सहज.’’

‘‘सहज कुणी मेंदू तपासतं व्हय?’’

‘‘सहज रक्त तपासत्यात की.’’

‘‘मग तूच तपास.’’

‘‘घरच्या माणसाला तपासत न्हाईत. आपलंच माणूस असलं की हात मऊ पडतोय. आणि तसंबी तुमचा पेपर फुटलाय.’’

‘‘मग झालं तर. पास धर मला आणि गप बस.’’

तू गप्प बसलीस, पण पास धरलं नाहीस. महिना-दोन महिन्यांनी परत काढायचीस. मी म्हणायचो, डोकं माझं हाय. तू म्हणायचीस, आत मीबी राहतीया. मी चिडलो. ते भांडण तसंच राहिलं.

पण एक झालं. त्या शेवटच्या काही महिन्यांत गाडीत तू परत शब्द टाकायला लागलीस. मला वाटलं, आला असेल कुणी नवीन भागातला पेशंट. कराड मागं पडलं की तुझं सुरू व्हायचं. तू एक शब्द म्हणायचीस, मी गोष्ट सांगायचो, तू हसायचीस. मध्येच एखादा शब्द असा यायचा की माझ्याकडं काहीच नसायचं. मी म्हणायचो, ‘‘काय न्हाई बा आठवत.’’ तू नुसती ‘हं’ म्हणायचीस आणि खिडकीबाहेर तोंड करायचीस. पुढं बराच वेळ बाहेरच बघायचीस.

मला त्याचा लय राग यायचा, शैला. वाटायचं, ही मनात मला नापास करतीय. माझ्या डोक्यातलं एकेक गेलेलं मोजतीय आणि तोंड लपवतीय. म्हणून पुढं पुढं मी काही आठवलं नाही तरी रचून सांगायला लागलो. एकदा तू म्हणालीस, ‘‘ही खोटी हाय.’’ मी म्हटलं, तुला कसं कळलं? म्हणालीस, ‘‘खऱ्या गोष्टीत तुमी क्लच दाबता.’’

आणि मग तू गेलीस. हृदयानं. डोकं शेवटपर्यंत लख्ख. सकाळी चहा ठेवलास, मला म्हणालीस, जरा बसते, आणि बसलीस ती बसलीस. मला स्टार्टर मारता आला नाही.

मसणात संपत माझ्याशेजारी उभा होता. कोरड्या डोळ्यांनी ज्वाळेकडं बघत. लोक बघायला लागले, जिनं याचा संसार सावरला तिच्यासाठी याला पाणी येत नाही म्हणून. मी त्याच्या कानात म्हटलं, ‘‘संपत, रड.’’ आणि तो जो रडला, दोघांनी धरून त्याला बाजूला न्यावं लागलं. हे फक्त तुला समजलं असतं. बाकीच्यांना वाटलं मी दमदाटी केली.

तर तो हॉर्न. त्या शनिवारनंतर मी प्रवीणला म्हटलं गाडी पुण्याला घेऊन जा. आणि रेश्माला फोन केला. म्हटलं, ‘‘शैला तुझ्याकडं जा म्हणायची, तर येतो. पण पेपर फुटलाय माझा, तुला म्हाईत हाय.’’ ती म्हणाली, ‘‘या तर खरं. साताऱ्याच्या खोलीवर या. सांगलीत तुम्ही बाकावरच गप्पा मारत बसाल.’’

एसटीनं गेलो. पहिल्यांदा दाराच्या आतल्या बाजूला, पेशंटच्या खुर्चीत बसलो. खुर्ची बुटकी आहे गं ती. तुला कुणी सांगितलं नाही?

रेश्मानं वार विचारला, ठिकाण विचारलं. मी म्हटलं, ‘‘वार शनिवार, ठिकाण खुर्ची, आणि खुर्ची बुटकी.’’ ती हसली नाही. पुढच्या प्रश्नालापण मी काहीतरी ठेवून दिलं. तर पेन खाली ठेवून म्हणाली, ‘‘काका, पांघरूण काढा.’’

तुझाच शब्द. पुढचं मी सरळ सांगितलं.

मग तिनं पाच शब्द सांगितले. मी टवकारून बसलो होतो, आता तेच जुने येणार म्हणून. पण ते नव्हते. एकही नव्हता. हे पाच तुझ्या जुन्या यादीत कधी नव्हते. मी ते परत म्हणून दाखवले. मग तिनं दुसरं काय काय करायला लावलं, उलटे आकडे, ठोकळे, कागदावर घड्याळ. घाम फुटला मला. गोळीबारात फुटला नव्हता. आणि मग म्हणाली, ‘‘काका, मघाचे शब्द?’’

चार आले. पाचवा नाही.

रेश्मा थांबली. अगदी तुझ्यासारखी थांबली. मी भिंतीकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं. जिथं तो शब्द ठेवला होता तिथं नुसती पुसलेली जागा. मला वाटलं, हे असं असतं तर. एक शब्द गेला, उद्या दुसरा जाईल, मग प्रवीण, मग हा रस्ता, आणि शेवटी तू. त्या खुर्चीत मला मरणाची नाही, त्याची भीती वाटली. तुला दुसऱ्यांदा, आणि या वेळी आतनं, घालवायची.

बऱ्याच वेळानं तिनं एक लहानसा इशारा दिला. आणि शब्द आला. ढुशी मारूनच आला.

ती म्हणाली, ‘‘काका, हा आत गेलेला होता. हरवला नव्हता, वाट सापडत नव्हती. आज तरी मला दुःख जास्त दिसतंय आणि रोग कमी. पण रोग नाहीच असं मी म्हणत नाही. वर्षानं परत बघू.’’

‘‘आणि हॉर्न?’’

‘‘इतक्या वर्षांची सवय ती. हात डोक्याला विचारून उठत नाही.’’

मी विचारलं, ‘‘हे शब्द कुठनं आणलेस?’’

म्हणाली, ‘‘मॅडमचे आहेत. तुमच्यासाठी वेगळे काढून माझ्याकडं दिले होते. म्हणाल्या होत्या, ह्यांना बाकीचे सगळे पाठ आहेत. कधीतरी येतील ते तुझ्याकडं. चिडून येतील, पण येतील. तेव्हा हे वापर.’’

खरं सांगतो, मी आणखीनच चिडलो. मनात ते पाच शब्द घोळवत स्टँडवर आलो. तू माझ्यासाठी शेवटचं काहीतरी ठेवून गेलीस, आणि त्यात काय? काहीच नाही. ना मेढा, ना लोणंद, ना आपलं लग्न, ना प्रवीण, ना माझी वेडीवाकडी भाकरी. कुणाच्याही घरात, कुणाच्याही दारात असतील असले फडतूस पाच शब्द. म्हटलं, एवढा संसार केला आणि बाईनं माझ्या नावानं ठेवलं काय, तर हे.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. जन्मभर मी स्टेअरिंगवर, या बाजूला कधी बसलोच नव्हतो. कराड मागं पडलं आणि मी सहज बाहेर तोंड केलं. ऊस, पाट, एक बंद पडलेलं गुऱ्हाळ. बघण्यासारखं काहीच नाही. मग तू काय बघत होतीस गं इथं? इतका वेळ?

आणि तिथंच टाळकं उघडलं. तू बाहेर बघतच नव्हतीस. तू तोंड लपवत होतीस, पण मला वाटलं त्यासाठी नाही. इतक्या दिवसांत या पाचांतला एक कोरा सापडला म्हणून. आठ गोष्टी ऐकायच्या तेव्हा कुठं एक शब्द असा, ज्याच्यावर माझं बोट उमटलेलं नाही. आनंद माझ्यासमोर दाखवला असतास तर त्याला तेवढंच चिकटलं असतं, आणि तोही गेला असता. म्हणून ‘हं’. म्हणून खिडकी. आणि मी मूर्ख, रचून रचून गोष्टी सांगून तुझं काम वाढवत होतो.

आपल्या दोघांचा शब्द ठेवणं सोपं होतं. कुणीही ठेवला असता. तुला माझ्या सगळ्या डोक्यातनं, जिथं पाय ठेवायला जागा नाही म्हणायचीस तिथनं, आपण दोघं नसलेल्या पाच जागा हुडकायच्या होत्या. त्यासाठी बाकीचं सगळं डोकं तुला पाठ पाहिजे. आणि हात मऊ पडू द्यायचा नाही. शून्य म्हणजे शून्य. माझ्याशी असं कुणी वागलं नाही गं, शैला. इतकं कडक आणि इतक्या मायेनं.

ते शब्द मी इथं लिहीत नाही. रेश्मानं ताकीद दिली आहे, कुणाला सांगायचे नाहीत, स्वतःशी घोकायचे नाहीत, पुढच्या वर्षी लागतील. मी घोकत नाही. पण काय करू, भाजी आणायला गेलो तर एक शब्द दुकानात टांगलेला दिसतो. एक शिंदेवहिनींच्या दारातच पडलेला असतो. आणि दिसला की लगेच कराडच्या पुढचा रस्ता, पदर कानामागं खोचलेला, खिडकीकडं वळलेली तुझी मान. आणि तो पाचवा, जो त्या दिवशी आला नव्हता, तो तर आता सगळ्यांच्या आधी येतो.

पुढच्या वर्षी मी रेश्माला पाचच्या पाच सांगणार. ती खूश होईल, आणि तिला फसवल्यासारखं होईल. तिला सांगायला पाहिजे. मॅडमचा पेपर परत फुटला म्हणून सांगायला पाहिजे. ती म्हणेल, मग नवे काढू, काका.

काढतील बिचारे. पण त्यांना कोण सांगणार माझ्यात कोरं काय उरलंय ते? आता तूच सांग शैला, कंदील म्हटलं तरी तू, दोरखंड म्हटलं तरी तू, आणि ज्यात तू नव्हतीस म्हणून निवडलेस, त्या पाचांतही तू. मला घालायला कोरा शब्द आता तू आणशील कुठनं?